पहिला पाट: बेळगावच्या घरात सुतारकामाला सुरुवात करताना

सुतारकाम शिकायचंय म्हणून जो कोणी माझ्याकडे येतो, तो आधी मोबाइल काढून एखादं मशीन दाखवतो. "हे घेऊ काय?" माझं उत्तर ठरलेलं. आधी पाट कर, मग बघू. जेवायला बसायचा, आजीच्या वेळचा, खाली दोन पट्ट्या मारलेला साधा पाट. त्यात करवत येते, रंधा (लाकूड तासून सपाट करायचं हत्यार) येतो, पटाशी (लाकूड कोरायची सपाट छिन्नी) येते, फळ्या जोडणं येतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्याची भानगडही येते. नवशिक्याला एका पाटाला चार-पाच रविवार पुरतात. मला सात लागले होते, कारण पहिले दोन मी बोथट पटाशीनं लाकूड कुरतडण्यात घालवले.

जागा

माझी जागा म्हणजे वडगावातल्या घराची मागची पडवी, सहा बाय दहा फुटांची. आजूबाजूला यंत्रमाग. दिवसभर त्यांचा खडखडाट चालू असतो, त्यामुळे माझ्या ठोकाठोकीबद्दल आजवर कोणी ब्र काढलेला नाही. टिळकवाडीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ही चैन नाही. त्यांनी बाल्कनीत जाड रबरी चटई टाकावी आणि हातोड्याची कामं सकाळी दहानंतर उरकावीत.

टेबल भक्कम पाहिजे, सुंदर नको. रंधा मारताना टेबल सरकायला लागलं की निम्मी ताकद टेबल ढकलण्यातच जाते. जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा मिळाला तर सोनं, नाहीतर १९ मिलिमीटरचे दोन प्लाय एकावर एक चिकटवून खाली जाड पाय लावा आणि टेबल भिंतीला टेकवून ठेवा. उंची किती? सरळ उभं राहा, हात खाली सोडा, मनगटाची घडी जिथं येते तिथपर्यंत. रंध्याला ती बरोबर पडते. पटाशीच्या बारीक कामाला ती थोडी कमी वाटेल, तेव्हा खाली स्टूल घ्या.

पडवीचं तोंड पश्चिमेला असेल तर ज्येष्ठाच्या अखेरीपासून झड आत येणार. हत्यारांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा. मी एका पावसाळ्यात रंधा टेबलावर तसाच विसरलो. गणपतीत बघितलं तर त्याच्या तळावर लाल गंज आणि माझ्या चार बोटांचे ठसे.

काय घ्यायचं

एक टेप. एक पोलादी फूटपट्टी. एक गुण्या (काटकोन तपासायचा), सहा किंवा आठ इंची. एक खतकस (कडेला समांतर रेघ ओढायचं हत्यार). एक हातकरवत, अठरा इंचाच्या आसपासची. करवतीच्या दातांची टोकं निळसर-काळी दिसली तर ते दात कडक केलेले आहेत असं समजा. ती करवत बराच काळ टिकते, पण कानशीनं पुन्हा धार लावता येत नाही. पटाश्या तीन: पाव, अर्धा आणि एक इंच. सहा-आठ पटाश्यांचा सेट स्वस्त वाटतो, पण निम्म्या पटाश्या कधी हातात येत नाहीत. लाकडी मोगरी (पटाशी ठोकायचा लाकडी हातोडा) एक. क्लॅम्प (तुकडे आवळून धरायचे) चार, आणि पैसे उरले तर आणखी दोन, कारण क्लॅम्प कधीच पुरत नाहीत. साधं ड्रिल मशीन एक. एवढंच मशीन सुरुवातीला चालेल.

राहिला रंधा. सुरुवातीला लोखंडीच घ्या, ४ किंवा ५ नंबरचा. ४ नंबरचा साधारण साडेनऊ इंच लांब असतो, ५ नंबरचा चौदा. दोन्हींपैकी एकच घ्यायचा तर ५ नंबरचा, कारण लांब रंधा फळी सरळ करतो. आखूड रंधा खड्ड्यात उतरतो आणि उंचवट्यावर चढतो. दुकानात रंधा उलटा करून तळावर पोलादी पट्टी आडवी धरा आणि उजेडाकडे बघा. पट्टीखालून जाड फट दिसली तर दुसरा मागा. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

एक गोष्ट मात्र घेऊ नका, आणि कोणी दिली तरी वापरू नका: हातातल्या चार इंची ग्राइंडरवर बसवायचं लाकूड कापायचं दातेरी पातं. हा जुगाड सगळीकडे दिसतो. ग्राइंडरचा वेग त्या पात्याला झेपत नाही, दात लाकडात अडकला की मशीन हातातून उसळतं आणि ते थेट मांडीकडे किंवा गळ्याकडे येतं. हाताची बोटं गेलेली माणसं मी बघितली आहेत.

धार

नवीन पटाशी धारदार नसते. कंपनीनं तिला नुसता आकार दिलेला असतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते दोन रविवार वाया गेले.

महागडे दगड नकोत. काच विकणाऱ्याकडून आठ-दहा मिलिमीटर जाडीचा, फूटभर लांब काचेचा तुकडा घ्या, कडा घासून मागा. हार्डवेअरमधून वॉटर पेपर (ओला वापरायचा काचपेपर) आणा: २२०, ४००, ८००, १००० आणि २०००, आकडा जितका मोठा तितका कागद बारीक. काच ओली करून त्यावर कागद चिकटवा, वर थोडं पाणी शिंपडा.

पहिल्यांदा पटाशीची सपाट पाठ. ती पूर्ण टेकवून टोकाकडचा इंचभर भाग घासा, २२० पासून चढत २००० पर्यंत, तो भाग आरशासारखा होईपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, पण एका पटाशीला ते एकदाच करायचं असतं. मग पटाशी उलटी करून उताराची बाजू. कोन २५ अंशांचा. तो मोजायला कोनमापक लागत नाही: उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या साधारण २.४ पट असली की कोन २५, आणि बरोबर दुप्पट असली की ३०. उतार ४०० च्या कागदावर घासत राहा आणि अधूनमधून पाठीवरून बोट टोकाकडे ओढून बघा, धारेच्या दिशेनं नाही, धारेपासून बाहेर. धारेला बारीक कूस (पोलादाची खरखरीत कड) लागली की घासणं टोकापर्यंत पोचलं. कूस लागायच्या आधी पुढच्या कागदावर गेलात तर सगळी मेहनत फुकट. शेवटी २००० वर दोन्ही बाजू आलटून-पालटून हलक्या हातानं, कूस गळून पडेपर्यंत.

परीक्षा काय? पाइनच्या फळीचं आडवं कापलेलं टोक, जिथं झाडाची वलयं दिसतात, तिथं पटाशी नुसत्या हातानं दाबून पातळ काप काढा. काप अखंड निघाला आणि खालचं लाकूड चकाकलं तर धार आली. लाकूड चुरगळलं, पांढरं पडलं तर परत काचेकडे. रंध्याचं पातं याच पद्धतीनं.

माप, आणि एका फूटपट्टीची गोष्ट

आपल्याकडचे सुतार अजून सुतात बोलतात. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरला थोडं कमी. वखारीत, हार्डवेअरमध्ये, सॉ मिलवर सगळीकडे हाच हिशोब, तेव्हा तो तोंडी बसवून घ्या. एक इंची फळी रंधून सात सुतांवर येते, म्हणजे साधारण २२ मिलिमीटर.

लाकूड घनफुटावर विकतात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा, १४४ नं भागा. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, दीड इंच जाड फळी बरोबर अर्धा घनफूट. वखारीत जाण्याआधी हे दोन-चारदा घरी करून बघा. तिथं कॅल्क्युलेटर त्यांच्या हातात असतो.

आता ती गोष्ट. भंगारात मला एक जुनी पोलादी पट्टी मिळाली होती, दोन फुटी, जाड, आकडे खोल कोरलेले. मी खूश. पहिली पेटी केली: पेटीचं माप टेपनं, झाकणाचं त्या पट्टीनं. झाकण दोन सूत मोठं झालं. पुन्हा कापलं, पुन्हा चूक. शेवटी गल्लीतल्या मामांकडे गेलो. मामांनी उद्यमबागेतल्या फाउंड्रीसाठी (ओतकामाच्या कारखान्यासाठी) आयुष्यभर लाकडी पॅटर्न केले, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने. त्यांनी पट्टी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि हसायलाच लागले.

"अरे बाळ, ही ओतकामाची पट्टी की! हिचा फूट एक सूत मोठा असतोय."

ओतलेलं बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो, आणि दरवेळी हिशोब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच लांब बनवलेली असते. दोन फुटाला दोन सूत. माझी चूक तंतोतंत मोजून देणारी पट्टी! या शहरात इतक्या फाउंड्र्या आहेत की अशा पट्ट्या भंगारात येणारच. तेव्हा जुनी पट्टी घेतली तर आधी टेपशेजारी ठेवून बघा. आणि एका कामात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माप वापरा. टेपच्या टोकाचा हूक थोडा सैल असतो तो मुद्दामच, आतून आणि बाहेरून मोजताना हुकाची जाडी भरून निघावी म्हणून. जिथं जमेल तिथं आकडा घेऊच नका: एक तुकडा दुसऱ्यावर ठेवून धारदार सुरीनं खूण करा. पेन्सिलीची रेघ जाड, सुरीची रेघ बारीक, आणि पटाशी त्या खाचेत आपोआप बसते.

लाकूड

पहिल्या कामाला सागवान घेऊ नका. महाग लाकडावर हात थरथरतो. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन घ्या. कारखान्यांत यंत्रं येतात ती या पेट्यांतून, आणि पेट्या पुढं भंगारवाल्यांकडे जातात. परदेशी पेटीवर गव्हाच्या लोंबीसारखं चित्र असलेला छाप असतो. त्यात इंग्रजी 'एचटी' अक्षरं असतील तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, ते घ्या. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका. छापच नसेल, किंवा तेलाचे, रसायनाचे डाग असतील तरीही नको.

दुसरा चांगला साठा म्हणजे गल्लीत पडणारी जुनी घरं. तुळया, दरवाजे, खांब, आणि लाकूड चाळीस-पन्नास वर्षं वाळलेलं. पण प्रत्येक इंचावरून लोहचुंबक फिरवा, जुन्या स्पीकरमधला चालतो. रंध्याच्या पात्याला खिळा लागला की अर्धा दिवस काचेवर.

वखारीत गेलात तर नावं दोन्ही भाषांत ऐकू येतील. सागवान म्हणजे तेगा, शिसव म्हणजे बीटे, ऐन म्हणजे मत्ती, बिबळा म्हणजे होन्ने, फणस म्हणजे हलसु, बाभूळ म्हणजे जाली. मी पहिल्यांदा 'मत्ती' ऐकलं तेव्हा मातीबद्दल बोलताहेत असं वाटलं होतं. सुतारालाही कन्नडमध्ये बडिगेर म्हणतात, आणि बऱ्याच घरांचं ते आडनावच आहे. खानापूरकडून ओळखीनं, विनापावती, जंगलातलं सागवान-शिसव कोणी देतो म्हणाला तर हात जोडा. वनखात्याचा पास नसलेलं लाकूड घरी आणलं तर छंद कोर्टात जातो.

आता मुख्य मुद्दा. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. पिताना ते रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. आपल्या एकाच जिल्ह्यात कणकुंबी आहे, जिथं मलप्रभा उगम पावते आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि अथणीही आहे, जिथं ढगांची वाट बघावी लागते. कणकुंबीत पावसाळ्यात केलेली वस्तू अथणीला पाहुण्यांकडे गेली की ती आकसणारच. बेळगाव शहरातही आषाढ आणि फाल्गुन यांत तेवढाच नाही पण बराच फरक पडतो. जुन्या घरांचे दरवाजे पावसात घट्ट बसतात आणि उन्हाळ्यात कड्या खुळखुळतात, ते यामुळेच.

माझा पहिला चौरंग मी श्रावणात केला, गणपतीसाठी. वरची फळी ओलसर होती. खाली आडव्या पट्ट्या फेविकॉल लावून, वर स्क्रू मारून घट्ट जखडल्या. गणपतीत सगळ्यांनी कौतुक केलं. शिमग्याच्या सुमारास एका रात्री बंदुकीसारखा आवाज झाला. फळी आकसत होती, पट्ट्या तिला आकसू देत नव्हत्या, आणि ती मधोमध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी चिरली.

म्हणून लाकूड आणलं की निदान महिनाभर घरात ठेवा. फळ्यांच्या मध्ये बोटभर जाडीच्या काड्या घालून चळत रचा, म्हणजे सगळीकडून हवा लागेल. पावसाळ्यात आणलेलं असेल तर दिवाळीपर्यंत हात लावू नका.

आधी एक छोटं काम: बेंच हुक

फूटभर लांब, आठ इंच रुंद प्लायचा तुकडा. एका टोकाला वरून एक पट्टी, दुसऱ्या टोकाला खालून एक पट्टी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून करवत मारायची. तासाभराचं काम, पण यापुढचं प्रत्येक कापणं सोपं होतं. वरची पट्टी गुण्यानं तपासून बरोबर काटकोनात बसवा. करवत धरताना पहिलं बोट पात्याच्या दिशेनं सरळ ठेवा. मूठ आवळू नका. करवतीला जोर नको, लांब हात हवा.

पाट

माप: अठरा इंच लांब, बारा इंच रुंद. चार इंची तीन फळ्या शेजारी-शेजारी जोडायच्या.

फळीची नस (लाकडाच्या तंतूंची दिशा) कुठल्या बाजूला चढते ते कडेवरून बघा आणि त्याच दिशेनं रंधा मारा. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. उलटा मारलात तर लाकूड उपटून निघतं. रंधा घालताना जोर पुढच्या मुठीवर, बाहेर पडताना मागच्या. ढलपी कागदासारखी पातळ निघाली पाहिजे.

फळ्यांच्या जोडायच्या कडा रंधून सरळ करा. दोन फळ्या कडेवर कड ठेवून खिडकीसमोर धरा. मधून उजेड दिसला तर पुन्हा रंधा. क्लॅम्पच्या जोरावर फट बुजवायचा मोह होतो. ती फट दोन वर्षांनी परत उघडते. फेविकॉल कडेवर पातळ आणि सगळीकडे लावा. हात चालू ठेवा, दहा मिनिटांत क्लॅम्प लागले पाहिजेत. लांब क्लॅम्प नसतील तर जाड फळीवर दोन आडव्या पट्ट्या मारून त्यांच्यामध्ये पाट ठेवा आणि एका बाजूनं समोरासमोर दोन पाचरी ठोका. गावात दुसऱ्याच्या कामात पाचर मारणारे पुष्कळ असतात, इथं ती उपयोगी पडते. बाहेर आलेला फेविकॉल ओला असताना पुसू नका, तो लाकडात शिरतो आणि नंतर तेल धरत नाही. रबरासारखा झाला की पटाशीनं खरवडा. चोवीस तास हात लावू नका.

आता खालच्या दोन पट्ट्या, तिन्ही फळ्यांना आडव्या. साडेदहा इंच लांब, सव्वा इंच उंच. प्रत्येकीत तीन स्क्रू: एक मधोमध, दोन बाजूंना चार-चार इंचांवर. पट्टीच्या खालच्या अंगानं आधी पाच सुतांचं (१६ मिलिमीटर) भोक तीन सूत खोल पाडा, स्क्रूचं डोकं आणि वॉशर आत बसायला. मग मधल्या जागी स्क्रूच्या मापाचं आरपार भोक. बाजूच्या दोन जागी मात्र शेजारी-शेजारी दोन भोकं पाडून मधलं लाकूड बारीक पटाशीनं काढा, म्हणजे पट्टीच्या लांबीच्या दिशेनं तीन सुतांची लांबट खाच तयार होईल. स्क्रू ३५ मिलिमीटरचे, गोल डोक्याचे. पट्टी आणि पाट यांच्यामध्ये फेविकॉलचा थेंबही नको. मधला स्क्रू घट्ट, बाजूचे टेकतील इतपतच. पाट फुगला-आकसला की बाजूचे स्क्रू खाचेत सरकतात आणि फळीला चिरायचं कारण उरत नाही. माझ्या चौरंगात एवढंच राहिलं होतं.

कडांची धार हलक्या हातानं मोडा, कोपरे थोडे गोल करा. काचपेपर १२०, मग १८०, नेहमी रेषांच्या दिशेनं. तोंडाला मास्क बांधा; शिसव-सागवानाचा भुसा तर नाका-घशाला जास्तच झोंबतो.

तेल

लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण पावसाळ्याच्या दमट हवेत ते पांढरं पडतं, आणि नवशिक्याचा हातही थांबत-थांबत चालतो. पाटाला जवसाचं तेल द्या. आपल्या बाजारात ते सहज मिळतं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं तेल लवकर वाळतं, घाण्याचं कच्चं तेल आठवडे घेतं. फडक्यानं भरपूर लावा, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा, नाहीतर चिकट राहतं. एक दिवस सोडून दुसरा हात, मग तिसरा.

तेलाचं फडकं मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि गरम होतं. बोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही आणि काडी न लावता फडकं पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवा किंवा अंगणात दोरीवर एकेरी पसरून वाळवा. घरात हे सगळ्यांना सांगून ठेवा, कारण फडकी गोळा करून बादलीत कोंबणारा माणूस बहुधा आपण नसतो.

पाट झाला की उलटा करून तळावर पेन्सिलीनं तारीख आणि मधोमधची रुंदी लिहा. माझ्या पाटाखाली दोन ओळी आहेत. एक फेब्रुवारीची: बारा इंच. दुसरी त्याच वर्षीच्या जुलैची: बारा इंच, दीड सूत.